परीक्षा विभागाच्या खिडकीतून दिसलेला ताण

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील अभ्यासाच्या ताणाविषयी मते प्रसिद्ध होत आहेत. कुणी मोबाइलला दोष दिला, कुणी पालकांच्या अपेक्षांना, आणि निदान दोन ज्येष्ठ वाचकांनी तर आजची पिढीच नाजूक झाली आहे असा निकाल देऊन टाकला. मी शिक्षिका नाही, आणि मानसोपचारतज्ज्ञ तर नाहीच नाही. नवी मुंबईतील एका पदवी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात मी ३१ वर्षे आधी लिपिक आणि पुढे मुख्य लिपिक म्हणून काम केले आणि २०२२ साली निवृत्त झाले. वर्गात बसलेला विद्यार्थी कसा दिसतो हे प्राध्यापकांना ठाऊक. निकालाच्या दुसऱ्या दिवशी खिडकीशी उभा राहिलेला विद्यार्थी कसा दिसतो हे मला ठाऊक. त्या जागेवरून जे दिसले ते आतापर्यंतच्या पत्रांत आले नाही, म्हणून हे लिहीत आहे. पत्र लांबले आहे. आपल्या सोयीने काटछाट करावी, मात्र नाव छापू नये, कारण नावावरून महाविद्यालय ओळखता येईल आणि माझी तक्रार एका महाविद्यालयापुरती नाही.

आधी ती खिडकी कशी होती ते सांगते. दीड बाय दोन फुटांची चौकट, तिला लोखंडी जाळी, आणि जाळीच्या तळाशी कागद सरकवण्यापुरते अर्धगोल भोक. हे भोक आत खुर्चीवर बसणाऱ्या आमच्या सोयीने टेबलाच्या उंचीवर ठेवलेले होते. त्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला काही विचारायचे तर कमरेत वाकून, मान तिरकी करून, भोकाशी तोंड नेऊन विचारावे लागे. आणि आत पंखा व प्रिंटर दोन्ही चालू असल्यामुळे ओरडून विचारावे लागे. मागे रांग असे. 'मला दोन केट्या लागल्या आहेत, फॉर्म कुठला भरू?' (केटी म्हणजे राहिलेला विषय) हे वाक्य एकोणीस वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने वाकून, ओरडून, पंचवीस जणांच्या देखत म्हणायचे, अशी ती व्यवस्था होती. खिडकीची वेळ सकाळी ११ ते १ आणि दुपारी ३ ते ४. 'जेवणाची सुट्टी' ही पाटी मी स्वतः किती वेळा त्या भोकापुढे सरकवली असेल, त्याचा हिशेब न मांडलेलाच बरा.

पिढी नाजूक झाली आहे असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की आपण दिलेली परीक्षा आणि आजची परीक्षा या एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९१ साली मी नोकरीला लागले तेव्हा पदवीच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाची परीक्षा वर्षातून एकदा, मार्च-एप्रिलमध्ये द्यावी लागे. विषय राहिलाच तर ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसता येई, आणि मधले महिने खऱ्या अर्थाने मोकळे असत. मुंबई विद्यापीठात २०११-१२ पासून श्रेयांक (क्रेडिट) आणि सत्र (सेमिस्टर) पद्धत आली. पद्धत वाईट होती असे मी म्हणणार नाही. वर्षभराचा डोंगर एकदम चढण्यापेक्षा दोन टप्प्यांत चढावा, हा तिचा हेतू चांगलाच होता. पण टप्पे वाढले तसे कागद वाढले, आणि कागद सांभाळणारे हात मात्र तेवढेच राहिले. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी तिसऱ्या सत्राची परीक्षा देत असतानाच पहिल्या सत्राच्या राहिलेल्या विषयाचीही देतो. त्याचा फॉर्म वेगळा, शुल्क वेगळे, वेळापत्रक वेगळे, विलंब शुल्काची तारीख वेगळी. सकाळी एका सत्राचा पेपर आणि दुपारी दुसऱ्या सत्राचा पेपर, असे एकाच दिवशी आलेले मी पुष्कळदा पाहिले. मधल्या दोन तासांत ती मुले जिन्यात बसून वडापाव खात नोट्स चाळत असत. त्यांना नाजूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीची रचना बदलली. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे दुय्यम, मुक्त निवडीचा विषय, व्यावसायिक कौशल्याचा, क्षमतावर्धनाचा, मूल्यशिक्षणाचा, भारतीय ज्ञानप्रणालीचा, अशा प्रत्येकाचे श्रेयांक वेगळे आणि प्रत्येकाला तीन-तीन इंग्रजी आद्याक्षरांचे टोपणनाव. शेजारच्या मुलीने पहिल्या सत्राची विषयांची यादी माझ्याकडे आणली, 'काकू, तुम्ही परीक्षा विभागात होता ना, हे जरा समजावून सांगा' म्हणाली, आणि ३१ वर्षांच्या अनुभवानंतरही मला ती दोनदा वाचावी लागली. ही आद्याक्षरे पाठ केल्याबद्दलच मुलांना दोन श्रेयांक द्यायला हरकत नाही. कोणता मायनर घेतला तर पुढे कोणता रस्ता बंद होतो, हे प्रवेशाच्या दिवशी अठरा वर्षांच्या मुलीला नीट सांगणारा माणूस नसेल, तर तिच्या ताणाचे कारण तिच्या मनात शोधून सापडणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी खरे तर हे पत्र लिहायला बसले, ती सांगते. २०१५ च्या उन्हाळ्यातली. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहणारी, वाणिज्य शाखेच्या शेवटच्या सत्राची एक विद्यार्थिनी होती. निकाल लागला तेव्हा पाच विषयांत ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली आणि सहाव्या विषयासमोर गैरहजर असा शेरा. ती हॉल तिकीट घेऊन खिडकीशी आली. हॉल तिकिटावर त्या पेपरच्या तारखेसमोर पर्यवेक्षकाची सही होती, म्हणजे ती परीक्षेला बसली होती याचा पुरावा तिच्या हातातच होता. मी तिला अर्ज करायला सांगितले. अर्जावर आवक क्रमांक टाकला, पोच दिली आणि 'आठ दिवसांनी या' असे म्हटले. हे वाक्य आम्ही दिवसातून तीस-चाळीस वेळा म्हणत असू. त्यात खोटेपणा नसे, पण अर्थही नसे.

ती आठ दिवसांनी आली. मग पुन्हा आली, पुन्हा आली. सात-आठ खेपा झाल्यावर एकदा तिने पोचेचा कागद भोकातून आत सरकवला आणि तो टेबलावर उलटा पडला. कागदाच्या पाठीवर बारीक, सरळ अक्षरात तारखांची यादी होती आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी मिळालेले उत्तर लिहिलेले होते. साहेब मीटिंगमध्ये. सोमवारी या. वर पाठवले आहे. सर्व्हर बंद. मॅडम रजेवर. सोमवारी या. त्यातली मॅडम मीच, आणि त्या दिवशी मी रजेवर नव्हते; आत चहा घेत होते. मी कागद सरळ केला, शिक्क्याकडे पाहिल्यासारखे केले आणि परत दिला. ती काही बोलली नाही. रागावलीही नाही, हे मला त्या वेळी बरे वाटले होते. आता वाटत नाही.

त्यानंतर दोन खेपांनी तिची आई तिच्याबरोबर आली. मुलगी दोन पावले मागे, जिन्याकडे तोंड करून उभी राहिली. आई जाळीशी वाकली आणि रांगेला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, 'मॅडम, ती पेपराला बसली होती ना हो? नक्की?'

त्या एका प्रश्नात मला त्या घरातले तीन महिने कळले. तुर्भ्याच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहणाऱ्या बापाला, शिक्का असलेल्या छापील कागदावरचा शब्द चुकीचा असू शकतो, हे कसे पटावे? कागद आणि पोटची मुलगी यांपैकी घराने कागदावर विश्वास ठेवला होता. पेपराच्या दिवशी तू कुठे गेली होतीस, कुणाबरोबर गेली होतीस, हे प्रश्न त्या दोन खोल्यांत रोज विचारले जात असणार. ती रात्री झोपत नाही आणि जेवता जेवता ताटावरून उठते, असे आईने जाता जाता सांगितले. तेही तक्रारीच्या सुरात, मुलीच्या अपराधाचा आणखी एक पुरावा म्हणून.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी प्रथमच त्या ब्लॉकचे, म्हणजे परीक्षेच्या खोलीचे, मूळ हजेरीपत्रक कपाटातून बाहेर काढले. तिच्या आसन क्रमांकासमोर तिची सही होती. गैरहजर होता तो तिच्या पुढचा क्रमांक. हजेरीपत्रकावरून गैरहजरांचा तक्ता उतरवून घेताना शेवटचा अंक चुकला होता, साताच्या जागी सहा पडला होता. तो तक्ता माझ्या अक्षरात होता. ही चूक शोधायला मला वीस मिनिटे लागली, आणि तोवर ती मुलगी दहा वेळा येऊन गेली होती. दुरुस्ती होऊन गुणपत्रिका तिच्या हाती पडली तेव्हा निकालाला पाच महिने झाले होते. ऐरोलीतल्या एका कंपनीत ठरलेली तिची नोकरी, गुणपत्रिका मुदतीत देता न आल्यामुळे, केव्हाच गेली होती. गुणपत्रिका देताना मी तिला 'वरून उशीर झाला' असे सांगितले. खरे काय ते आज प्रथमच लिहीत आहे.

या मुलीला ताण होता का? होताच. तिला त्या दिवसांत समुपदेशकाकडे पाठवले असते तर त्यांनी तिचे शांतपणे ऐकून घेतले असते, झोपेसाठी काही उपाय सांगितले असते, कदाचित आईवडिलांनाही बोलावले असते, आणि त्याचा तिला आधारच झाला असता. परंतु तिच्या ताणाचे मूळ माझ्या खुर्चीमागच्या कपाटात, तिसऱ्या खणात होते, आणि त्याची किल्ली माझ्याकडे होती. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी जेवढी भाषणे मी नोकरीत आणि नंतर ऐकली, त्यांतल्या एकातही त्या कपाटाचा उल्लेख नव्हता.

सगळा ताण असा कागदातून येतो असे मी म्हणत नाही. घरातले मृत्यू असतात, प्रेमभंग असतात, जातीवरून मारलेले टोमणे असतात, आणि नैराश्य हा तर आजारच आहे, त्याला डॉक्टरच हवा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे हाल वेगळेच. कळवा, दिवा, घणसोली, तुर्भे येथील शाळांतून चांगले गुण मिळवून आलेली मुले पहिल्या वर्षी वर्गात गप्प होतात, कारण शिकवणे इंग्रजीत, पुस्तके इंग्रजीत, आणि आमचा फॉर्मही इंग्रजीत. फॉर्ममधला एखादा शब्द कळला नाही तर 'तेवढेही येत नाही का?' हे वाक्य खिडकीतून बाहेर जात असे. असे बोलणाऱ्यांपैकी बहुतेकजण स्वतः मराठी शाळेत शिकलेले होतो. ही मुले रोज जो प्रवास करतात त्याचे तर कौतुकही होत नाही. २००४ साली ठाणे ते नवी मुंबई ट्रान्सहार्बर लोकल सुरू झाली तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी त्याच गाडीने गेले, आणि गुडघ्यावर जर्नल ठेवून, गाडीच्या हेलकाव्यांबरोबर आकृत्या काढणारी मुले मी रोज पाहिली. त्यांच्यातली काही आयटी पार्कातली रात्रपाळी संपवून थेट कॉलेजला निघालेली असत. मग ७५ टक्के हजेरी भरली नाही म्हणून त्यांचे नाव फलकावर लागे, आणि ती का भरली नाही हे विचारायला कुणाला सवड नसे.

कायद्यात काय लिहिले आहे हेही सांगायला हवे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ यातील तरतुदीनुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि काही झाले तरी ४५ दिवसांत निकाल जाहीर झाला पाहिजे. हा कायदा मार्च २०१७ मध्ये अमलात आला आणि त्याच उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना राबवला. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका होत्या. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि अखेर ऑक्टोबरमध्ये तत्कालीन कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. हा सगळा इतिहास वृत्तपत्रांनी तेव्हा पहिल्या पानावर छापला. त्यात कुणी काय गमावले याची मोजदाद मात्र झाली नाही: परदेशातले हुकलेले प्रवेश, दुसऱ्या विद्यापीठांतल्या पदव्युत्तर जागा, आणि निकाल नाही म्हणून 'हा नापासच झाला असणार' असे गृहीत धरणारे नातेवाईक. त्या महिन्यांत कोणत्या मुलाला किती रात्री झोप लागली नसेल, ते कुठल्या अहवालात येणार?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. या आकड्यामागे प्रत्येकाची कारणे वेगळी आणि गुंतागुंतीची असतात. परीक्षेने मुलगा गेला असे एका ओळीत म्हणणे बरोबर नाही आणि तसे मथळे छापणेही बरोबर नाही, हे आपल्याला नम्रपणे सुचवते. पण आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, हे न्यायालयालाही वाटले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणातील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना, देशभरातील शिक्षणसंस्थांना बंधनकारक अशी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, हे त्यातले सर्वांत गाजलेले तत्त्व.

ते स्वागतार्ह आहेच. फक्त 'किमान एक' म्हणजे प्रत्यक्षात 'एकच' असा अर्थ आपल्याकडे लावला जाईल, अशी मला भीती आहे, कारण सरकारी कागदातले किमान हेच आपले कमाल असते. चार हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात एक पूर्णवेळ समुपदेशक नेमला, त्याने दिवसाला सहा विद्यार्थ्यांना वेळ दिला आणि वर्षात २०० दिवस काम केले, तर भेटी झाल्या १,२००. म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला वर्षाकाठी एक भेटही येत नाही. शिवाय मी पाहिलेला समुपदेशन कक्ष आठवड्यातून एक दिवस, दोन तास उघडे, आणि होता प्राध्यापकांच्या खोलीच्या अगदी समोर. आत जाणाऱ्या मुलाला किमान चार प्राध्यापक आणि एक शिपाई पाहत असे. बाहेर नोंदवही, तिच्यात नाव, वर्ग, हजेरी क्रमांक आणि 'भेटीचे कारण'. कारणाच्या रकान्यात बहुतेकांनी 'करिअर' लिहिलेले असे.

समुपदेशकाकडे जायची लाज ही आमच्या ठाण्याला जरा अधिकच जाणवते, त्याचेही कारण आहे. येथील प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे. 'याला आता ठाण्याला नेऊन सोडा' हा विनोद साऱ्या मुंबई इलाख्यात चालतो आणि ठाण्यात राहणाऱ्या आम्हालाही तो ऐकून घ्यावा लागतो. पण याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था सुरू केली आणि मनाच्या आरोग्याविषयी स्वच्छ, साध्या मराठीत बोलण्याची सवय या शहराला लावली. महाविद्यालयांनी आपल्या कक्षात मुले का येत नाहीत याचा विचार करताना, अशा ठिकाणी ती आपणहून का जातात हे एकदा जाऊन पाहायला हवे.

न्यायालयाच्या त्याच तत्त्वांमध्ये एक तरतूद आहे, तिच्याकडे कुणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा, मानसिक प्रथमोपचार आणि धोक्याची चिन्हे ओळखण्याचे प्रशिक्षण तज्ज्ञांकडून द्यावे, असे त्यात म्हटले आहे. 'शिक्षकेतर' हा शब्द वाचून मी पेपर खाली ठेवला. माझ्या ३१ वर्षांत मला टॅलीचे, नव्या सॉफ्टवेअरचे, अग्निशामक नळकांडे कसे वापरावे याचे, एवढेच काय, योगासनांचेही प्रशिक्षण मिळाले. पण रडत आलेल्या विद्यार्थ्याशी काय बोलावे, हे कुणी शिकवले नाही. नापास झालेला विद्यार्थी प्राध्यापकांकडे उशिरा जातो, घरी त्याहून उशिरा सांगतो, आणि समुपदेशकाकडे बहुधा जातच नाही. तो सर्वांत आधी आमच्याकडे येतो, कारण फॉर्म आमच्याकडे असतो. डोळे सुजलेले, आवाज घशात अडकलेला, आणि हातातल्या कागदाची सुरळी करून करून तो मऊ पडलेला, असा विद्यार्थी ओळखायला मोठी विद्या लागत नाही. ओळखल्यानंतर काय करायचे, तेवढे कुणी सांगितलेले नसते, आणि म्हणून आम्ही 'सोमवारी या' म्हणतो.

माझ्या जुन्या सहकाऱ्यांवर मी अन्याय करत नाही ना, हाही विचार मनात येतो. निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षे भरलेल्या नाहीत. तिघांचे काम एकटा करतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो एकटाही अकरा महिन्यांच्या करारावर असतो. स्वतःच्या पुढच्या वर्षाची खात्री नसलेल्या माणसाने रांगेतल्या दोनशे मुलांशी गोड बोलावे, ही अपेक्षा करणारे वातानुकूलित खोलीत बसलेले असतात. आमच्या विभागातली एक करारावरची मुलगी मात्र प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मारत असे आणि उत्तर माहीत नसेल तर 'मला माहीत नाही, पण तीन वाजेपर्यंत विचारून ठेवते' असे सांगत असे. तिच्या खिडकीशी भांडण झालेले मला आठवत नाही. करार संपल्यावर तिला पुन्हा घेतले नाही.

करण्यासारख्या ज्या गोष्टी मला सुचतात त्या फार खर्चाच्या नाहीत. गैरहजर शेऱ्याची, राखून ठेवलेल्या किंवा अपूर्ण निकालाची तक्रार आली की महाविद्यालयाने त्याच दिवशी, विद्यार्थ्याच्या देखत, आपले मूळ हजेरीपत्रक उघडून पाहावे. निम्म्या तक्रारींचे मूळ तिथेच सापडेल असे माझे अनुभवाचे मत आहे. चूक महाविद्यालयाची असेल तर तसे लेखी द्यावे, म्हणजे निदान घरी दाखवायला मुलाजवळ कागद राहील. त्या मुलीला पहिल्याच दिवशी दोन ओळींचे पत्र दिले असते, 'सदर विद्यार्थिनी परीक्षेस उपस्थित होती', एवढेच, तर नोकरीचे काय झाले असते ते सांगता येत नाही, पण आईला तो प्रश्न विचारावा लागला नसता. अर्जाच्या पोचेवर नुसता आवक क्रमांक न टाकता उत्तराची तारीख आणि उत्तर देणाऱ्याचे नाव लिहावे. पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याच्या मुदतीआधी लागावा. तो लागत नाही म्हणून उत्तीर्ण झालेली मुले शुल्क भरून तोच पेपर पुन्हा देतात, हे मी दर वर्षी पाहिले आहे. शुल्काची अडचण असलेल्या मुलाचे नाव फलकावर लावू नये. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे शुल्क शासनाने जुलै २०२४ च्या निर्णयाने पूर्ण माफ केले आहे. पण शासनाचे पैसे येईपर्यंत 'तुम्ही आधी भरा, मग बघू' असे मुलींना सांगितले जात असेल, तर ती माफी घरापर्यंत पोहोचलीच नाही.

आणखी एक. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक ठळक दिसेल असा लावावा, असे न्यायालयानेही सांगितले आहे, पण भिंतीवरचे फलक मुले वाचत नाहीत. हॉल तिकीट मात्र प्रत्येक विद्यार्थी वाचतो, त्याची घडी पाकिटात ठेवतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री चार वेळा काढून पाहतो. ते छापताना खाली 'भ्रमणध्वनी नेण्यास सक्त मनाई आहे', 'अर्धा तास उशिरा आल्यास प्रवेश नाही' अशा सूचनांची गर्दी असते. त्यांतच एक ओळ हा क्रमांक देण्यासाठी काढावी. शाईचा खर्च वाढणार नाही.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. दहावी-बारावीचा निकाल लागला की पेढे भरवणाऱ्या मुलींची छायाचित्रे आपण छापता. त्याला माझा विरोध नाही. पण विद्यापीठाच्या प्रत्येक परीक्षेचा शेवटचा पेपर कधी झाला आणि निकाल कितव्या दिवशी लागला, एवढा दोन रकान्यांचा तक्ता आपण दर सत्राला छापावा. ४५ हा आकडा कायद्यात आहे. तो वाचकांच्या डोळ्यांसमोर राहिला तर आमच्यासारख्यांच्या खिडकीवरही त्याचा परिणाम होईल.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी प्राचार्यांना एक अर्ज दिला होता. परीक्षा विभागाची खिडकी एक फूट वर घ्यावी, म्हणजे विद्यार्थ्यांना वाकावे लागणार नाही, आणि शेजारी एक बाक ठेवावा, एवढीच मागणी होती. सुताराकडून आणलेला दराचा कागदही जोडला होता. अर्जावर आवक क्रमांक मीच टाकला आणि पोचही स्वतःला दिली. मागच्या महिन्यात भविष्यनिर्वाह निधीच्या कामासाठी महाविद्यालयात गेले होते. माझ्या जागी बसलेल्या गृहस्थांशी बोलण्यासाठी जाळीबाहेरून कमरेत वाकले, तेव्हा अर्जाचे काय झाले ते विचारायचे राहून गेले, कारण मागे रांग होती, आणि त्यांनी मला सोमवारी यायला सांगितले.

आपली,
एक निवृत्त मुख्य लिपिक,
कळवा, ठाणे